नारळ फोडायची क्लिप

बाबुशने बोर्डातलं जुनं कार्ड नखाने दाबून बाहेर काढलं आणि नवं आत सरकवलं. बोर्ड म्हणजे पत्त्यांच्या जोडाएवढा छोटा कॉम्प्युटर. त्याला टीव्हीची वायर लावून त्याने चार्जरची पिन खोचली आणि खुर्चीवर बसून पडद्याकडे पाहू लागला. आधी काळोख, मग अक्षरांच्या ओळी, मग सिनेमांची यादी. त्याने एक सिनेमा लावला, थांबवला, पुढे नेला, मागे आणला. चित्र अडखळत नव्हतं. टीव्हीचा आवाज शून्यावर होता.

मोबाइलवर त्याने नेहमीसारखं लिहिलं. चित्र ठीक. रिमोट ठीक. आवाज तपासला नाही.

टीव्हीवर घरातले सिनेमे, गाणी, फोटो लावायचा हा प्रोग्राम देशोदेशीचे हौशी लोक मिळून बनवत. नवी आवृत्ती सगळ्यांना देण्याआधी काही माणसं ती आपापल्या बोर्डावर चालवून बघत आणि काय बिघडतंय ते कळवत. बाबुश त्यांतला एक. बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यातून तो निवृत्त झाला तेव्हा मुलाने, नेव्हिलने, मस्कतहून पहिला बोर्ड पाठवला होता. वेळ जावा म्हणून. आता वाडीतल्या कितीतरी घरांत आणि तारकर्लीच्या दोन लॉजमध्ये बाबुशनेच लावून दिलेले तसले बोर्ड होते.

जॉयस छत्री घेऊन खोलीत आली. बाबुशच्या गेलेल्या बायकोची, क्लेमेंटिनाची, मोठी बहीण. बहिणीच्या वर्षाच्या मिसाची, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेची, तयारी करायला ती मिठबावहून येऊन राहिली होती.

"फादरांका भेटान येतंय," ती म्हणाली. मग टीव्हीकडे पाहून थांबली.

"आवाज बंद आसा, जॉयसबाय."

"बंदच रवांदे. वरीस पुरा होयसर घरात गाणां-बजावणां नाय. लोक काय म्हणतले?"

"मी खंय गाणां लावलंय?"

"आणि भात झाकून ठेवलंय तो बसान जेव. घोड्यासारखो उभो रवान खातस तो."

ती गेली. बाबुश स्वयंपाकघरात गेला, ताट वाढून घेतलं आणि ओट्याशी उभा राहूनच जेवला. क्लेमेंटिना गेल्यापासून तो टेबलाशी बसला नव्हता.

हात धुऊन आला तेव्हा मोबाइलवर उत्तर आलं होतं. चाचणीचं काम सांभाळणारी बाई कुठल्याशा थंड देशातली. तिने लिहिलं होतं, की बाबुशचा बोर्ड जुना आहे आणि तो चालवून बघणारा आता बाबुश एकटाच उरला आहे. पण बरेच महिने त्याच्याकडून आवाजाचं काही कळत नाही. उद्या आवृत्ती नक्की करायची आहे. आवाजाची खात्री होत नसेल, तर हा बोर्ड यादीतून काढावा लागेल. शेवटी तिने विचारलं होतं, तुम्ही बरे आहात ना?

बाबुशने मोबाइल उपडा ठेवला.

यादीतून काढला म्हणजे पुढच्या आवृत्त्या या बोर्डावर येणार नाहीत. हळूहळू वाडीतले सगळे बोर्ड निकामी होतील. आणि सकाळी उठून कार्ड बदलायचं त्याचं कामही जाईल. दुसरं काम त्याच्याकडे नव्हतं.

आवाज तपासणं त्याला एकट्याला जमणारं नव्हतं. कारखान्यात कॉम्प्रेसरच्या धडधडीत त्याची अख्खी नोकरी गेली होती आणि कान अधू झाले होते. बोलणं ऐकू येई, पण आवाज चित्राच्या जरासा मागे पडला तर त्याला कळत नसे. ते क्लेमेंटिनाला कळे. ती हातात पळी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राही आणि सांगे, "मागे पडता." सिनेमातल्या ओठांवर तिचा विश्वास नव्हता. मेले बोलतात एक आणि तोंड हलवतात भलतंच, असं म्हणे. म्हणून बाबुशने तिचीच एक क्लिप काढली होती. मागच्या पडवीत ती कोयत्याने नारळ फोडते. कोयता बसला की आवाज आला पाहिजे, तेव्हाच. त्यात फसवाफसवी नाही.

ती क्लिप त्याने वर्षभर उघडली नव्हती. जॉयसने आवाजाला मनाई केली, ते त्याला बरंच पडलं होतं.

त्याने रिमोट उचलला आणि आवाज वाढवत नेला. मग क्लिप लावली.

क्लेमेंटिना पाटावर बसली होती. डाव्या हातात नारळ, उजव्या हातात कोयता. दोनदा ठोकलं, नारळ फिरवला, तिसऱ्यांदा ठोकलं. नारळ फुटला, पाणी भांड्यात पडलं. तिने वर पाहिलं.

"झाला तुझा? मगे जेवाक ये."

क्लिप संपली. बाबुश रिमोट धरून बसून राहिला. आवाज मागे पडला की नाही, याकडे त्याचं लक्षच नव्हतं. त्याने परत लावली. या खेपेला कोयत्याकडे नीट पाहिलं, तरी कळलं नाही.

मागच्या दारी भांडं पडल्याचा आवाज झाला. शेजारची सकिना उंबऱ्यावर उभी होती. हाताला बांगड्याचे खवले तसेच चिकटलेले.

"टीव्हीवरची आसा," बाबुश म्हणाला.

"माका वाटला..." सकिना तिथेच उंबऱ्यावर बसली. दंडाने डोळे पुसले. मग म्हणाली, "परत लाव."

त्याने लावली. मग न सांगता आणखी एकदा लावली. सकिनाच्या कपाळाला आठी पडली.

"बाबुशभाय, ही आधी मारता आणि आवाज मागसून येता."

"नक्की?"

"नक्की म्हणजे? माझे कान खंय कारखान्यात गेलेत?"

बाबुश खुर्ची ओढून पुढे सरकला. आवाज मागे-पुढे करायची जागा त्याने पडद्यावर उघडली आणि बटण दाबलं.

"आता?"

"अजून मागेच."

"आता?"

"आता पुढे गेलो. कोयतो वर आसा आणि हय नारळ फुटलो पण!"

सकिना हसली. बाबुशलाही हसू आलं. त्या हसण्यात फाटक वाजल्याचं दोघांनाही कळलं नाही. जॉयस दारात आली तेव्हा तिची छत्री अजून उघडीच होती. बाबुशने रिमोटकडे हात नेला, पण तोवर टीव्हीवरून क्लेमेंटिना बोलली.

"मगे जेवाक ये."

जॉयस तशीच आत आली आणि बाकावर बसली. छत्री मिटायचं तिला सुचलं नाही.

"गाणां नाय ता," बाबुश म्हणाला.

"माका कळता गाणां काय ता." ती पडद्याकडे बघत होती. "तो गाऊन माझो. दोन दिसांसाठी म्हणान नेल्लो, परत खंय दिल्यान? आणि कोयतो कसो धरल्यान बघ. आईन सांगून सांगून दात झिजवल्यान." ती बाकावरून पुढे झुकली. मग म्हणाली, "लाव बघया परत."

पुढे बराच वेळ बाबुश बटण दाबत राहिला आणि त्या दोघी भांडत राहिल्या. एकीला आवाज मागे वाटे, दुसरीला पुढे. "मी तिचा नारळ फोडणां रोज ऐकलंय," सकिना म्हणाली. "मी ती जल्मल्यापासून ऐकतंय," जॉयस म्हणाली. शेवटी एकदा कोयता बसला, नारळ फुटला आणि दोघी एकदमच म्हणाल्या, "हां."

बाबुशने लिहिलं. आवाज मागे पडतो. सेटिंग बदलली की जुळतो, पण थांबवून परत लावलं की पुन्हा मागे पडतो.

बाईने लगेच विचारलं, हे कशावरून मोजलं? बाबुशने क्लिप पाठवायला घेतली आणि थांबला.

"शेवटचा कापून धाडू?" त्याने विचारलं. "जेवाक बोलयता ता?"

"कापतस कित्याक?" जॉयस म्हणाली. "ती काय वायट बोलली?"

त्याने सगळी पाठवली.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. चूक सापडली, दुरुस्त केली, बोर्ड यादीत राहील. खाली बाईने विचारलं होतं, की ही क्लिप चाचणी करणाऱ्या सगळ्यांना दिली तर चालेल का? आवाज तपासायला इतकं सोपं त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं.

बाबुशने ते जॉयसला वाचून दाखवलं. ती विळीवर भाजी चिरत होती. मान वर न करता तिने विचारलं, "खंयखंय जातली ती?"

"खंयखंय म्हणान सांगू? ह्या लोकांका मीच खंय वळखतंय."

"जावंदे," जॉयस म्हणाली. "तिका फिराक आवडायचा."

त्याने हो लिहिलं. नवी आवृत्ती कार्डावर उतरत होती, तेवढ्यात अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडून सकिनाची हाक आली.

"बाबुशभाय, आज नारळ फोडूचो नाय?"

दुपारपर्यंत मोबाइलवर अहवाल येऊ लागले. उच्चार कसा करायचा ते कळू नये अशी नावं. कुणाचा बोर्ड नवा, कुणाचा जुना. एकाने लिहिलं होतं, इथे नारळ वेळेवर फुटला. खाली दुसऱ्याने लिहिलं, आमच्याकडेही वेळेवर. तिसऱ्याने विचारलं होतं, क्लिपमधल्या त्या बाई शेवटी काय म्हणतात?

बाबुशने लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. ती म्हणते, काम झालं असेल तर जेवायला ये.

"बाबुश," स्वयंपाकघरातून जॉयसने हाक मारली, "निवता हय सगळां."

तो आत गेला. सवयीने ताट घेऊन ओट्याशी उभा राहिला. मग वळला आणि टेबलाची खुर्ची बाहेर ओढली. ती फरशीवर करकरली. जॉयसने वळून पाहिलं, आणि आमटीचं भांडं त्याच्यापुढे सरकवलं.