रेवाटीची पळण

“माका आत चल म्हणान सांगू नको, बाबली. पळणीत माणसान पक्क्या छपराखाली निजूचा नसता. ह्या तुका मीच शिकवलंय.”

एवढं बोलून आनंदीबाई पुन्हा खोकायला लागली. सड्यावर, गावामागच्या उंच कातळमाळावर, नगरपालिकेने बांधलेल्या रांगेत तिच्या नावाची खोली होती. दार उघडं होतं, आत फरशी कोरडी होती. आणि ती त्या दारासमोर, माडाचे झाप आणि निळं प्लास्टिक बांधून केलेल्या खोपीत चुलीपुढे बसली होती. आषाढाचा पाऊस आडवा येत होता. बाबली छत्री धरून उभा होता, ती तिच्यासाठी नव्हे, चुलीसाठी. चूल विझली तर म्हातारी पेजही घेणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. आई गेल्यावर याच मावशीने त्याला वाढवलं होतं.

“गे मावशे, ही काय खरी पळण?”

“खरी नाय? मगे आमी हय कित्याक इलंव? हवा खावक?”

शेजारच्या दारात होड्यांचा सुतार कुस्तोदियो विडी ओढत उभा होता. तोही खाली दर्याकाठच्या रेवाटीचाच. तो म्हणाला, “आनंदीबाय, माज्या देवान माका छपराखाली निजूक परवानगी दिल्यान. तुज्या देवाकडे तुजी शिफारस करू काय?”

“तुजो देव आयतारी भेटता, कुस्तोदियो. माजो रोज बघता.”

कुस्तोदियो हसला. पण म्हातारीचा खोकला थांबत नव्हता.

या भागातल्या काही गावांत गावपळणीची रीत आहे. ठरलेल्या वर्षी ग्रामदेवतेचा कौल झाला की सगळा गाव, गुरं, कोंबड्या, कुत्री घेऊन वेशीबाहेर जातो. तीन दिवस माळावर झापांच्या खोपींत राहायचं, तिथेच रांधायचं, भजन करायचं. हिंदू काय, ख्रिस्ती काय, सगळे जातात. घरं उघडी, देवाच्या हवाली. मग देव परतीचा कौल देतो आणि माणसं ढोल वाजवत घरी येतात. कौल होईपर्यंत कुणी परत फिरत नाही, आणि कुणी दुसरीकडे घरही मांडत नाही. आनंदीबाईने खोलीत पाय ठेवला असता तर तिच्या हिशेबाने पळण मोडली असती. पळण मोडली की परतीचा हक्क गेला.

आणि पळण हा शब्द या सगळ्यांच्या कानात घातला होता तो बाबलीनेच.

बाबली नगरपालिकेत दिवाबत्तीचा कामगार. सगळं आयुष्य खांबांवर चढण्या-उतरण्यात गेलं. दोन वर्षांपूर्वी पालिकेने सौर दिव्यांची योजना आणली तेव्हा पहिले दिवे लागले ते रेवाटीत, दर्याकाठच्या त्याच्याच वाडीत, कारण तिथली वीजतार खारं वारं दर पावसाळ्यात खाऊन टाकायचं. दिव्यांच्या सौर पट्ट्यांवर मिठाचा थर बसला की दिवा मंदावतो. म्हणून बाबली रोज सकाळी गोड्या पाण्याने पट्ट्या पुसायचा. देवाला न्हाऊ घालावं तसं निगुतीने पुसायचा, आणि खांबावरच एखादं पद गुणगुणायचा. गावात कुठेही कीर्तन असलं की बुवांच्या मागे झांजेला बाबली ठरलेला. कधी त्याने त्याचे पैसे घेतले नाहीत.

जूनच्या सुरुवातीला मुख्याधिकारी देवळाच्या सभामंडपात आले. तरुण माणूस, घाटावरचा, मनाने सरळ. त्यांनी नकाशा लावला. समुद्राची पातळी वाढते आहे, किनारा झिजतो आहे. पालिकेने आराखडा केला आहे. बाजाराच्या बाजूला दगडी बंधारा घालायचा, खाडीच्या तोंडाशी कांदळवन लावायचं, शाळेवर आणि पाण्याच्या पंपावर सौर पट्ट्या बसवायच्या. रेवाटीच्या कुटुंबांचं सड्यावर तात्पुरतं स्थलांतर करायचं.

रेवाटीची माणसं खांबासारखी बसून राहिली. कीर्तनात बुवा पूर्वरंगात जड विचार मांडतात, आणि श्रोते चुळबुळायला लागले की आख्यान लावतात. साहेबांचा पूर्वरंग झाला, पण आख्यान काही लागेना. शेवटी बाबलीला राहवलं नाही. तो उठला.

“गे बायांनो, रे बाबांनो, आयका! ही गावपळणच समजा. औंदा देवाच्या बदली दर्यान कौल दिल्यान. वायच भायर जावया. दर्यो निवलो काय परत येवया!”

मंडपात एकदम जीव आला. “असा सांगा मां मगे!” म्हणत आनंदीबाई पहिली उठली. “स्थलांतर स्थलांतर काय लावलास कवापासून!”

साहेबांनी बाबलीकडे कृतज्ञतेने बघितलं. बाबलीलाही बरं वाटलं. बुवा दृष्टांत देतात तेव्हा श्रोते दृष्टांतात थोडे रमतात आणि पुन्हा मूळ विचाराकडे येतात. रेवाटीची माणसं त्या दृष्टांतातच राहायला गेली.

उधाणाच्या आदल्या दिवशी सगळे सड्यावर आले. कोंबड्या, खाटा, जाळी, कुस्तोदियोची बकरी. दारं उघडी टाकून आले. बाकीच्यांनी पाऊस बघून खोल्यांत पथाऱ्या टाकल्या, देव समजून घेईल म्हणाले. आनंदीबाईने खोप बांधली. संध्याकाळी पाऊस उघडला तेव्हा सगळे सड्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. अंधारून आलं आणि खाली रिकाम्या रेवाटीत दिवे आपोआप लागले. एकामागून एक. माणूस नाही, काणूस नाही, आणि दिवे मात्र लागले.

“बघ गो, देव घरात आसा,” आनंदीबाई कुणाला तरी म्हणाली. आणि हात जोडले.

मग उधाण आलं. दोन दिवस सड्यावरही समुद्राचा आवाज छातीत घुमत होता. तिसऱ्या दिवशी वारा पडला, आणि माणसं गाठोडी बांधायला लागली. बाबली धावतच पालिकेत गेला.

“साहेब, लोक निघाले परत.”

“परत कुठे, बाबली?” साहेब खुर्चीतून उठले. “तुम्ही खाली जाऊन आलात का? मी आलो पहाटे. वाळू निम्मी गेलीय. पुढच्या उधाणाला तिथे माणूस सापडला तर?”

“बंधारा वाढवू या ना, साहेब, रेवाटीपर्यंत.”

“दगड बाजारापर्यंतच पुरतोय. वर लिहिलंय, परत लिहीन. लिहितच राहीन.” त्यांनी समोरची फाईल मिटली. “माझ्या जागी तुम्ही असता तर घरं आधी वाचवली असती की माणसं?”

“माणसं, साहेब.”

“मी तेच केलं.”

साहेब खोटं बोलत नव्हते, हेच वाईट होतं. खोटं बोलले असते तर भांडता आलं असतं.

“तुम्ही तात्पुरतं म्हणाला होतात.”

“तेव्हा मलाही तसंच वाटत होतं, बाबली.” साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. “एक काम आहे. खांब पडायच्या आत रेवाटीतले दिवे काढून आणा. सड्यावर लावू. लोकांना उजेड तरी होईल.”

लोकांना बाबलीने एवढंच सांगितलं की आणखी एक उधाण बाकी आहे, थांबा. आणि शंकर नावाच्या सहकाऱ्याला घेऊन टेम्पोने खाली गेला. दिवे काढताना त्याने कुणाच्या घराकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. पण आनंदीबाईच्या दारातला खांब तिच्या उंबऱ्यापासून हाताच्या अंतरावर. देवाच्या हवाली सोडलेल्या उघड्या दारातून दर्या आत शिरला होता आणि मागची भिंत घेऊन बाहेर गेला होता. चुलीत वाळू होती. स्वयंपाकघरातून सरळ लाटा दिसत होत्या.

“चल रे बाबली, भरती लागतली,” शंकर म्हणाला.

बाबलीने दिवा उतरवला. लाकडी खांबही उपटून घेतला. मग परत फिरून त्याने आनंदीबाईचं दार ओढून घेतलं आणि कडी लावली. मागे भिंत नव्हती.

त्या संध्याकाळी माणसं पुन्हा सड्याच्या कडेला जमली. अंधार झाला. खाली काहीच लागलं नाही.

“बॅटऱ्यांत पाणी गेला असतला,” कुणीतरी म्हणालं.

“बाबली करतलो दुरुस्त,” आनंदीबाई म्हणाली.

बाबली मागे उभा होता. दिवे पालिकेच्या गोदामात होते. त्याची बायको सीता त्याच्याकडे बघत होती. “तिका सांगा ओ तुमी,” ती हळूच म्हणाली. “दुसऱ्याच्या तोंडसून कळला तर मरात ती.” त्याने मान हलवली, पण सांगितलं नाही.

पाऊस वाढला. आनंदीबाईला ताप भरला. सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीण येऊन छाती तपासून गेली. “आजींना आत घ्या,” ती म्हणाली. “कोरड्या जागेत. नुसत्या औषधाने काही होणार नाही.” सीता म्हणाली, उचलून आत घालूया. बाबली म्हणाला, “उचलूक येतला. पण तशी आत गेली तर ती जगूची नाय.”

दुसऱ्या दिवशी सड्यावर दिवे उभे करायचे होते. आनंदीबाईच्या खोपीजवळच एक खांब येत होता. काळोख पडला आणि तो लागला. खोपीच्या झापांमधून उजेडाच्या रेघा आत पडल्या. म्हातारी बाहेर आली, खांबाजवळ गेली, त्याच्यावर हात फिरवला. हात एका खिळ्यावर थांबला. सुक्या बांगडा माशांची माळ टांगायला तिनेच तो कुस्तोदियोकडून ठोकून घेतला होता.

“बाबली. ह्यो माज्या दारातलो दिवो.”

“व्हय.”

“मगे थय आता काळोख?”

“व्हय.”

“आणि घर?”

बाबली खांबाच्या बुडाची माती पायाने दाबत राहिला.

“घर, बाबली?”

“मागची भिंत गेली गे मावशे.”

“भिंत घालूक येता.”

“जमीनच ऱ्हवली नाय. आता परत जावचा नाय. सायबान सांगल्यान.”

आनंदीबाईने त्याच्याकडे बघितलं. तिच्या आवाजात राग नव्हता.

“सायब कोण? पळण तू सांगलंस. दर्याचो कौल तू सांगलंस. परतीचो कौल खंय आसा? तो घेऊन ये. नायतर मी हयसून हलाची नाय.”

देवळाचा पुजारी विठोबा गुरव देवळाच्या पायरीवर पावसाकडे बघत बसला होता. बाबलीचं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “कौल गावाचो लागता, वाडीचो नाय. बरा, लावतंय तुज्यासाठी. पण इचारू काय?”

“परत जावचा काय नाय, इतक्याच इचार.”

“उजवो दिल्यान तर?”

हे बाबलीच्या मनात आलंच नव्हतं. देवाच्या उजव्या खांद्यावरची कळी पडली की होकार, डाव्या खांद्यावरची पडली की नकार. उजवी पडली तर माणसं गाठोडी घेऊन सरळ दर्याच्या तोंडात जाऊन बसतील, आणि देवाने सांगितल्यावर कोणता साहेब त्यांना अडवणार? डावी पडली तर ज्या देवाशी आनंदीबाई रोज भांडत, बोलत जगली, त्यानेच तिला घरातून काढलं असं होईल. त्याने विठोबाचे पाय धरले. पण लाव म्हणून की नको म्हणून, ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

“उठ मरे,” विठोबा म्हणाला. “तिका घेऊन ये.”

दुपारी रिक्षातून तिला आणलं. मागून सगळी रेवाटी भिजत आली. कुस्तोदियो टोपी काढून मंडपात खांबापाशी उभा राहिला. विठोबाने देवाच्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं.

“बा देवा म्हाराजा! ही तुजी रेवाटीची लेकरां दर्याच्या भयान भायर पडली आसत...”

“व्हय म्हाराजा!”

“तेंका परत जावचो रस्तो आसा काय नाय, ता आज तू सांग रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

समईची वात हलत होती. छपरावर पाऊस. बाबली डोळे मिटून उभा होता. आयुष्यभर त्याने बुवांच्या मागे देवाचं नाव घेतलं होतं. आज काय मागायचं तेच त्याला कळत नव्हतं.

कळ्या पडल्या नाहीत.

विठोबाने पाणी शिंपडलं, पुन्हा गाऱ्हाणं घातलं. पुन्हा सगळे थांबले. “हवा दमट आसा,” कुस्तोदियो कुजबुजला. कुणीतरी त्याला गप्प केलं. एक मूल रडायला लागलं, त्याची आई त्याला बाहेर घेऊन गेली. कळ्या जिथल्या तिथे. विठोबाने तिसऱ्यांदा हात जोडले, तशी आनंदीबाई खांबाला धरून उठली.

“पुरे, विठोबा. तेका आनी त्रास दी नको.”

“आनी वायच थांब गे.”

“नको. तेकापण काय सुचत नाय, दिसता मां?” ती वळली आणि बाबलीचा दंड धरला. तिचा हात तापाने भाजत होता. “देवाकच उत्तर गावना नाय रे पोरा. तू खंयसून देतलंस? चल.”

बाबली तेव्हा रडला. मंडपात, सगळ्यांसमोर. तिने त्याला रडू दिलं, मग पदराने त्याचं तोंड पुसलं आणि म्हणाली, “रिक्षावालो थांबलो हा.”

सड्यावर ती खोपीकडे गेली नाही. खोलीच्या दाराशी तांब्याभर पाणी मागून घेतलं, पाय धुतले आणि आत गेली. सीतेने चटई घातली, गोधडी आणली. म्हातारी उभ्या उभ्या चारी भिंतींकडे बघत राहिली. सगळ्या सारख्या, सगळ्या नव्या चुन्याच्या. खिडकी होती ती रस्त्याच्या बाजूला.

“बाबली, दर्यो खंयच्या अंगाक?”

बाबली मागच्या भिंतीपाशी गेला. तिला ना खिडकी, ना झरोका. त्याने भिंतीवर पंजा ठेवला.

“ह्या अंगाक.”

आनंदीबाईने चटईचं टोक धरलं आणि ओढत ओढत ती त्या भिंतीला भिडवली. मग तिकडे तोंड करून आडवी झाली.