व्हिडिओला हात कोणी लावला

अर्ज पहिला, मार्च. माझा भाऊ व्हर्नन टिब्स याला नऊ फेब्रुवारीला गाडी थांबवून पकडलं, त्या वेळचा पोलिसाच्या छातीवरच्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ मिळावा. गाडीतून तो स्वतःच्या पायांनी उतरला होता. आता चालत नाही.
— ओझेला टिब्स

उत्तर: तपास चालू आहे. देता येत नाही.

अर्ज दुसरा, जून. तोच.

उत्तर: तेच.

अर्ज तिसरा, ऑक्टोबर. तपास संपल्याचं तुम्हीच कळवलंत. आता द्या.

उत्तर: असा व्हिडिओ नाही. नियमाप्रमाणे साठ दिवसांनी पुसला गेला.
— लेफ्टनंट केसलर, पोलीस खातं

साठ दिवस. म्हणजे मार्चमध्ये मी मागत होते तेव्हा तो होता. तिन्ही पत्रांवर सही याच माणसाची.

शेजारची डेल्फीन काउंटीच्या कचेरीत तीस वर्षं कागद सांभाळून निवृत्त झालेली. तिने पत्र वाचलं आणि चष्मा काढला.

"अगं, मारहाणीचा व्हिडिओ वर्षानुवर्षं ठेवावा लागतो. साठ दिवसांत पुसतात ते चाचणीचं. सकाळी कॅमेरा चालतोय का बघायला काढतात ना, ते."

"मग आता काय मागू? राख?"

"व्हिडिओला हात कोणी लावला ते माग. कोणी उघडला, काय बदललं, सगळं यंत्र आपणहून लिहून ठेवतं. या शहाण्यांना ते आठवतही नाही."

आतून व्हर्नन ओरडला, "ताई, ज्याच्यासाठी भांडताय त्याला कोणी कॉफी देईल का?"

अर्ज चौथा. अकरा पानं मिळाली. पोलीस कचेरीत खिडकीतून कागद देणाऱ्या नोवाकबाई म्हणाल्या, "मी काही वाचलेलं नाही हं."

"वाचायला हवं होतं, बाई."

पान सात. १२ फेब्रुवारी, सकाळी ९.४०. व्हिडिओचा वर्ग बदलला. आधी: बळाचा वापर. आता: चाचणी. बदलणारा: केसलर.

चाचणी. माझ्या भावाचा कणा मोडला ती चाचणी.

शहर परिषदेच्या सभेत प्रत्येक नागरिकाला तीन मिनिटं बोलता येतं. दारातल्या कागदावर आधी नाव लिहायचं, बस. त्या मंगळवारी आमच्या चर्चमधल्या एकोणीस जणांनी नावं लिहिली.

केसलर भिंतीशी हाताची घडी घालून उभा. मी पान सात वाचायला लागले.

अध्यक्ष म्हणाले, "मिस टिब्स, कर्मचाऱ्यांची नावं घेऊ नका."

"नाव मी नाही घेतलं, साहेब. तुमच्याच यंत्राने लिहिलंय."

"वेळ संपला."

मी जिथे थांबले तिथून डेल्फीनने वाचलं. तिच्यानंतर पास्टर. मग बाकीचे, एकेक करून. दर वेळी तीच ओळ, तेच नाव. नवव्या माणसाला केसलर दाराकडे निघाला. दारात आमची माणसं उभी होती. त्यांनी वाट दिली, पण सावकाश.

शेवटचं नाव व्हर्ननचं. त्याची चाकांची खुर्ची पुढे ढकलली तर माईक त्याच्या डोक्याच्याही वर. कोणी खाली करेना. मीच केला.

"इथे बोललेलं सगळं इतिवृत्तात लिहितात ना?" त्याने चिटणिसाला विचारलं.

"हो. लिहावंच लागतं."

"आणि ते पुसता येत नाही?"

"नाही."

"मग लिहा," व्हर्नन म्हणाला. "नऊ फेब्रुवारी. मी हात वर केले होते."