साठ यार्डांचा हिशेब

मित्रांनो, एका सेकंदाचे शंभर तुकडे करणं हा माझा धंदा. त्यामुळे स्वस्थ बसणं मला कधी जमलंच नाही. मी एक जुनं स्टॉपवॉच आहे. माझ्या पिवळ्या अंगावर ओरखडे आहेत आणि गळ्यातल्या काळ्या दोरीचा रंग उडाला आहे. आता अ‍ॅरिझोनातल्या चँडलर गावी, मनोहरकाकांच्या टेबलावर मी असतो.

काका चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर होते. त्यांची मुलगी नीला शाळेच्या शर्यतीत पळू लागली, तेव्हा त्यांनी मला विकत आणलं. दर रविवारी ते कापसाच्या काडीने माझी बटणं साफ करत. ‘‘धुळीचा एक कण सगळं काम बिघडवतो,’’ असं म्हणत. कारखान्यात त्यांनी जन्मभर तेच पाहिलं होतं.

नीला मोठी झाली आणि आयर्नवुड्स नावाच्या बेसबॉल संघात नोकरीला लागली. परदेशातली होतकरू मुलं शोधायची, त्यांचा खेळ पाहायचा, कुणाला करार द्यावा ते संघाला सांगायचं, हे तिचं काम. मुलं जेमतेम सोळा वर्षांची. जानेवारीत करारावर सही झाली की त्यांचं आयुष्य एका दिवसात बदलतं. नाही झाली तर बहुतेक जण पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न करतात, आणि काही करतही नाहीत.

नीलाने मला सोबत नेलं. उन्हातान्हात, घामेजल्या हातांत मी राहिलो. सुरुवातीला सगळे माझं कौतुक करत. पुढे लेझरचे खांब आले. पळणारा मुलगा मधून गेला की ते आपोआप वेळ सांगतात. मग मी नुसता बॅगेच्या कप्प्यात, सनस्क्रीनच्या गळक्या बाटलीशेजारी. पुसणार कोण?

गेल्या ऑक्टोबरमध्ये पनामाचा एक संघ स्पर्धेसाठी चँडलरला आला. सामना संपल्यावर प्रशिक्षकांची परवानगी घेऊन नीलाने बारा मुलांना साठ यार्ड, म्हणजे जेमतेम पंचावन्न मीटर, पळवायचं ठरवलं. लेझरचे खांब दुसऱ्या मैदानावर होते, म्हणून तिने मला बाहेर काढलं. किती दिवसांनी! मी उतावीळ झालो होतो.

सातवा मुलगा विल्मर. काटक, लांब पायांचा, पळताना जबडा घट्ट आवळणारा. तो रेषेपार गेला तेव्हा नीलाने बटण दाबलं, पण ते आत जाताना अडखळलं. सनस्क्रीन आणि धूळ मिळून तिथे चिकट थर साचला होता. मी थांबलो, पण उशिरा. माझ्या तोंडावर आकडा आला सात पूर्णांक चौदा.

नीला क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. अंगठ्याखाली काहीतरी अडल्याचं तिला जाणवलं होतं. पण पुढचा मुलगा वाकून तयार होता. तिने आकडा लिहून टाकला.

मला ओरडून सांगायचं होतं की हा आकडा खोटा आहे. पण स्टॉपवॉचला विचारल्याशिवाय बोलता येत नाही.

आयर्नवुड्सकडे जागा एकच उरली होती. त्या जागेसाठी विल्मर आणि त्याच्याच पनामाच्या संघातला ब्रायान, अशी दोन नावं होती. ब्रायानचा आकडा सहा पूर्णांक अठ्ठ्याऐंशी. आयर्नवुड्सच्या आकडेवारीचं काम मूळचा पुण्याचा शंतनू बघतो; संध्याकाळी त्याने यादीत ब्रायानचं नाव घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नीला वडिलांकडे नाश्त्याला आली. बॅगेतून मी टेबलावर घसरलो. काकांनी मला उचललं आणि सवयीने बटण दाबून पाहिलं. मग पुन्हा. मग त्यांनी फोनवरचं स्टॉपवॉच सुरू केलं आणि दोन्ही एकदम दाबायला लागले.

‘‘नीला, हे बघ. दहातून तीनदा उशिरा थांबतंय.’’

‘‘किती उशिरा?’’

‘‘कधी पाव सेकंद, कधी त्याहून जास्त.’’

नीलाच्या हातातला पोह्यांचा चमचा तसाच राहिला. ‘‘बाबा, मला काल जाणवलं होतं. आय फेल्ट इट. तरी मी लिहिलं.’’

काकांनी कापसाची काडी आणि स्पिरिट आणलं.

नीलाने शंतनूला फोन लावला. ‘‘कालचे सगळे टाइम्स कॅन्सल कर. घड्याळ खराब होतं.’’

‘‘अगं, लिस्ट लॉक केली यार. रॉसला काय सांगू?’’ रॉस म्हणजे त्यांचा साहेब.

‘‘सांग, चूक माझी आहे. नको, मीच सांगते. तू लेझर घेऊन ये.’’

‘‘फक्त विल्मरला पळवायचं ना?’’

‘‘नाही. बाराही जणांना. एकालाच दुसरी संधी दिली तर तोही अन्यायच.’’

मुलांचं विमान दुपारी होतं. हॉटेलसमोर बस उभी होती, बॅगा चढत होत्या. प्रशिक्षक वैतागले. पन्नास मिनिटं आहेत, त्यातच काय ते करा, म्हणाले. शेजारच्या बागेत शंतनूने खांब रोवले. पायात मिळतील ते बूट घालून मुलं रांगेत आली. विल्मर मात्र बसच्या पायरीवर बसून राहिला.

नीला त्याच्याजवळ गेली. ती स्पॅनिश छान बोलते.

‘‘काल पळालो होतो की,’’ तो म्हणाला. ‘‘काल मी कमी पडलो का?’’

‘‘तू नाही. घड्याळ अडकत होतं. मला शंका आली होती, तरी मी आकडा लिहिला. कमी मी पडले.’’

त्याने हात पुढे केला. नीलाने मला त्याच्या तळव्यावर ठेवलं. त्याने माझं बटण दोनदा दाबून पाहिलं, मला परत दिलं आणि बुटाच्या नाड्या बांधायला खाली वाकला.

मित्रांनो, अशी पळापळ मी आयुष्यात पाहिली नव्हती. गवत ओलं होतं, बसचा चालक हॉर्न वाजवत होता आणि विल्मर जबडा आवळून आमच्या दिशेने येत होता. लेझरने वेळ दाखवली सहा पूर्णांक एकाहत्तर. मी दाखवली बहात्तर. ब्रायान पुन्हा पळाला. त्याचा आकडा होता तेवढाच राहिला.

रॉसने नीलाला सर्वांसमोर बोल लावला. मग यादी उघडायला लावली.

जानेवारीत पनामातल्या एका छोट्या घरात विल्मरने सही केली. व्हिडिओ कॉलवर त्याची आई रडत होती, आणि इकडे मनोहरकाका डोळे पुसत होते. तो आता सरावासाठी चँडलरला येईल. इथला उन्हाळा, परकी भाषा, आईविना जेवण, हे सगळं त्याला झेपेल का? मोठ्या संघापर्यंत फार थोडे पोचतात. मला त्याची काळजी वाटते.

आणि ब्रायान? त्या दिवशी बसमध्ये चढताना त्याने नीलाला हसून हात केला होता. आपलं नाव एक रात्रभर यादीत होतं, हे त्याला माहीतच नाही. त्याने काही चूक केली नव्हती. नीलाने दुसऱ्या दोन संघांना त्याच्याबद्दल लिहिलं आहे. मी हा मजकूर सांगतोय तोवर तरी उत्तर आलेलं नाही.

नीलाने आता नियम केला आहे. प्रत्येक मुलगा दोनदा पळतो आणि आपला आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो. मला ती आता कामाला नेत नाही. काका मात्र रविवारी माझी बटणं पुसतात.

मित्रांनो, तुमच्या हातातली वस्तू लहान असो, जुनी असो, तिला पुसा, जपा. तिच्या भरवशावर कुणाचं काय अवलंबून आहे ते तिला सांगता येत नाही. आणि एखाद्याच्या नावापुढे आकडा लिहिताना मनात जराशी जरी शंका आली, तर पुढचा कितीही घाईत उभा असला तरी पेन खाली ठेवा आणि म्हणा, ‘‘थांब, पुन्हा एकदा मोजू.’’