हेही लिहा

पाळणाघरातल्या मावशीने वही उलटी चाळायला घेतली, कारण समोर उभी असलेली आई काही केल्या ऐकत नव्हती. मुलाच्या कपाळावरचा व्रण पाळणाघरातच झाला, असं तिचं म्हणणं. तो मागच्या महिन्यात घरूनच आला होता, हे मावशीला पक्कं आठवत होतं. एक पान, दुसरं पान, आणखी मागे. शेवटी नोंद सापडली: 'कपाळावर खोक. टेबलाला आपटला.' खाली आईचीच सही. आईने ती पाहिली, मुलाला कडेवर घेतलं आणि ती निघून गेली.

भांडण जिंकूनही मावशीचं बोट वहीतच राहिलं. मागे जाताना डोळ्यांखालून दुसरंच काहीतरी गेलं होतं.

दारातल्या या वहीला सगळे खुणावही म्हणत. सकाळी मूल आत घेताना त्याचे कपडे बदलायचे. अंगावर काही खरचटलेलं, सुजलेलं दिसलं तर लिहायचं, कसं झालं ते विचारायचं आणि आणणाऱ्याची सही घ्यायची. पूर्वी एका आजोबांनी नातीच्या तुटक्या दातावरून पाळणाघर डोक्यावर घेतलं होतं. दुधाने तोंड पोळल्यापासून मोठ्या बाई ताकही फुंकून पीत. पाळणाघर त्यांचं, वहीची कल्पनाही त्यांचीच. रोज नवं पान. मागचं पान उघडायचं ते फक्त भांडणापुरतं.

मावशी आता मुंगीच्या ओळी शोधू लागली.

मुंगी साडेतीन वर्षांची. भिंतीच्या कडेकडेने चालायची, म्हणून मावशीनेच ते नाव पाडलं होतं. ती कधी रडत नसे. वीस पोरांच्या कालव्यात न रडणारं मूल म्हणजे आयती सुटीच, आणि मावशी येईल त्याला सांगे, शहाणी असावी तर आमच्या मुंगीसारखी. दुपारी ती पालथी झोपे, उठवलं की हूं की चूं न करता उठे आणि दूध पिऊन झालं की मावशीच्या मांडीवर येऊन बसे. मावशीच्या घरी कुणी नव्हतं. शनिवारी संध्याकाळी खोलीचं कुलूप काढलं की सोमवारी सकाळपर्यंत तिला कुणाशी बोलायची वेळच येत नसे. मांडीवरच्या त्या एवढ्याशा वजनाची तिला सवय झाली होती.

'डाव्या दंडावर काळंनिळं. दाराला लागलं.' 'पाठीवर वळ. पलंगावरून पडली.' 'कानामागे सूज. माहीत नाही.' चार महिन्यांत अकरा ओळी. अक्षर सुबक, कुठे खाडाखोड नाही. सगळ्या मावशीच्याच हातच्या. अकरा सकाळी तिने हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं आणि अकरा वेळा ती पुढच्या मुलाकडे वळली होती. तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की कुणी बघत तर नाही ना म्हणून तिने मागे वळून पाहिलं.

प्रत्येक ओळीखाली मुंगीच्या आईची सही होती. बाकीचे पालक घाईघाईत रेघोटी मारून पळत. ही बाई लिहून होईपर्यंत हलत नसे. लिहिलेलं वाचे आणि पूर्ण नाव काढून सही करे. एकदा तर मावशी वही मिटत असताना तिने हात मध्ये घातला होता.

"मानेवरही आहे. हेही लिहा."

तेव्हा मावशीला तिचा रागच आला होता. पोटच्या पोरीचे वळ मोजून देते आणि डोळ्यांत टिपूस नाही. त्यापेक्षा बाप बरा. शनिवारी तो सोडायला येई तेव्हा सगळ्यांना हसवून जाई. अंगणातला मोडका झोपाळाही त्याने न सांगता दुरुस्त करून दिला होता.

त्या दुपारी मुंगी कापडी बाहुलीला झोपवत होती. बाहुलीच्या तोंडावर तिने पंजा दाबून धरला होता.

"रडलीस तर बाबा परत येतील," ती बाहुलीला म्हणाली.

मावशीच्या ओठांवर दहा प्रश्न आले. कधी, कशाने, अजून कुठे. पण खोदून विचारलं की लहान मूल आपल्याला हवं तेच सांगतं, एवढं इतक्या वर्षांत तिला कळलं होतं. ती नुसती शेजारी बसली.

"इथे बाहुली रडली तरी चालतं," ती म्हणाली.

मुंगीने पंजा थोडा उचलला. मावशीने आत जाऊन तिचं वाक्य जसंच्या तसं, वेळ घालून, वहीत लिहिलं आणि वही घेऊन मोठ्या बाईंकडे गेली.

मोठ्या बाई वाईट नव्हत्या, घाबरट होत्या. त्यांनी आधी दार लावलं. मग म्हणाल्या, की झाकली मूठ झाकलेलीच बरी, आपण पाळणाघर चालवतो, चौकी नाही. वाटलं तर आईला बोलावून विचारू. मावशीला तो विचार शिवून गेला होताच. पण विचारलेलं घरी पोचलं, तर संध्याकाळी पोर त्याच घरात जाणार होती. तिने तसं सांगितलं.

"आणि चार महिने काय करत होतात, असं विचारतील तेव्हा? अक्षर तुमचं आहे," मोठ्या बाई म्हणाल्या.

"माझंच आहे," मावशी म्हणाली.

गाद्यांच्या खोलीत उभं राहून तिने मुलांसाठीच्या मदतीच्या नंबरावर फोन केला. पलीकडची बाई शांत होती. मुलीला काही विचारू नका, घरी कळू देऊ नका, वही जपून ठेवा, आम्ही लगेच निघतो, असं तिने सांगितलं. मग पहिली नोंद कधीची, ते विचारलं. मावशीने तारीख सांगितली.

"ठीक आहे," बाई म्हणाली. एक शिवी दिली असती तरी मावशीला बरं वाटलं असतं.

तासाभरात दोघीजणी आल्या. त्यांनी पानांचे फोटो घेतले, मुंगीला डॉक्टरांना दाखवून आणलं, आईला कामावरून परस्पर बोलावून घेतलं. आई आत त्यांच्याशी बराच वेळ बोलत होती. दाराबाहेर मुंगी मावशीच्या मांडीवर बसून होती. आता ही मांडी उद्यापासून रिकामी, हे मावशीच्या मनात आलं, आणि असल्या वेळी आपल्याला आपलंच सुचतं याची तिला चीड आली.

मुंगी आणि आई आजच मामाकडे जाणार, इथे परत येणार नाहीत, एवढंच तिला सांगण्यात आलं. पुढचं कळायचा तिला अधिकार नव्हता. तिने मुंगीच्या सँडलचे पट्टे लावले. एकाला जरा जास्तच वेळ लागला.

आई बाहेर आली. ती अंगावर ओरडेल, घर मोडलंत म्हणेल, असं धरून मावशी उठून उभी राहिली.

"बाई, मी हे आधीच..."

आईने मान हलवली. तिची नजर दारातल्या वहीवर होती.

"माझा फोन त्यांच्याकडे असतो," ती म्हणाली. "कामावर सोडायला-न्यायलाही तेच. सकाळी इथेही फाटकाबाहेर थांबलेले असतात. लिहून घेणारं असं हे एकच ठिकाण होतं."

मावशीनेही वहीकडे पाहिलं.

"मला वाटायचं, तुम्ही ते कुणाला तरी दाखवत असाल. मी रोज वाट बघायचे."

आवाजात राग नव्हता. तिने मुंगीला उचललं आणि ती त्या दोघींच्या गाडीत जाऊन बसली.

गाडीचं दार लागलं आणि मुंगीने भोकाड पसरलं. मावशीच्या दिशेने हात करून ती घसा फुटेस्तोवर रडत होती. रस्त्यावरची माणसं थांबून बघू लागली. आईने तिला गप्प केलं नाही. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत मावशी ते रडणं ऐकत उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात पहिलं मूल आलं ते गुडघा सोलवटून. जिन्यात पडला, वडील म्हणाले, आणि उशीर झाल्यामुळे त्यांनी स्वतःच पेन हातात घेतलं.

"कुठे सही करू?"

"थांबा जरा," मावशी म्हणाली, आणि मागची पानं वाचू लागली.