आभार नकोत

मंगळवारी बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं आणि त्यांनी साफ नकार दिला होता. "आता बघायचं काय राहिलंय?" आई गेल्यापासून हेच पालुपद. माझं डोकंच फिरलं. मी त्यांना गाडीत कोंबलं आणि तालाम्पाया उद्यानाच्या लाल कड्यांकडे निघाले.

या रस्त्यावर बाबांनी जन्मभर ट्रक हाकला. शेजारी बसून आई तुंब्यात येर्बाचा कडू चहा भरून द्यायची. दर खेपेला म्हणायची, "अन्सेल्मो, त्या कड्यावर कॉन्डोर पक्षी बसलाय. वळव ना आत!"

"थापा मारू नकोस. माल पोचवायचाय," बाबा म्हणायचे. आत वळणं कधी झालंच नाही.

तुंबा एक, नळी एक, भरून देणारा एक. हवं तोवर प्यायचं नि रिकामा तुंबा मुकाट परत करायचा. पुरे झालं, की मगच "आभार" म्हणायचं. हल्ली बाबा पहिल्याच तुंब्याला आभार मानत. तो शब्द ऐकला की मी गरम पाण्याच्या थर्मासचं झाकण लावून टाके.

उद्यानात त्यांना कड्याच्या सावलीत बसवलं.

"कसं दिसतंय?"

"लाल धूर."

मी तुंबा भरून दिला. एका घोटातच त्यांचं तोंड वाकडं झालं. "पाणी उकळलंस? ग्रिसेल्दा, सगळा पाला जाळलास! तुझी आई वर कपाळ बडवत असेल!"

पेट्रोलपंपावर गाडी लावण्यावरून मी एकाशी भांडत बसले होते, तेव्हा उकळलं खरं. पण कितीतरी महिन्यांनी बाबा कशावर तरी चिडले, याचाच मला आनंद झाला. तरी तुंबा परत करताना ते म्हणालेच, "आभार."

तेवढ्यात पलीकडच्या घोळक्यात गलका उठला. "तो बघा, वर! कॉन्डोर!"

बाबा ताडकन उठले. "कुठे?"

"डावीकडे, कपारीत. पंख पसरतोय."

कपाळावर हात धरून ते शोधत राहिले. काही दिसेना. "म्हणजे माझी एदुविना खरं सांगत होती," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. "मी कधी गाडी वळवली नाही गं, पोरी."

"आज वळवली ना."

ते खाली बसले. नाक पुसलं. मग म्हणाले, "दे इकडे ते. तुला काही जमायचं नाही."

जळका पाला त्यांनी झटकून टाकला, चाचपडत नवा भरला, थर्मासात बाटलीतलं गार पाणी ओतलं आणि धार धरली ती थेट माझ्या अंगठ्यावर.

"आई गं! बाबा, आधी डोळे करून घ्या, मग लोकांना पाजा!"

"मंगळवारी ने," ते म्हणाले. "पण पट्टी सुटली की सरळ इथे यायचं. त्या पठ्ठ्याला बघायचंय मला."

अंगठा चुरचुरत होता, चहा कडूजहर होता. मी शेवटपर्यंत प्यायले, रिकामा तुंबा त्यांच्या हातात दिला आणि आभार काही मानले नाहीत.