फुलसिंगचा हात, मशीनची साथ

वणीच्या बायपासला रजतनं गाड्या धुण्याचं मशीन टाकलं, तेव्हा फाटकावर मशीनचा फोटो लावला नाही, फुलसिंगचा लावला. भलामोठा फ्लेक्स. अंगात निळा टी-शर्ट, हात जोडलेले, मिशा मुद्दाम काळ्या करून घेतलेल्या, आणि खाली लाल अक्षरांत: ‘फुलसिंगचा हात, आता मशीनची साथ’. आता सांगा, त्या मशीनला फुलसिंगच्या हाताची काय गरज होती? बटण दाबायला एक बोट पुरत होतं. पण रजत काही दुधखुळा नव्हता. वणीतले गाडीवाले मशीनवर नाही, फुलसिंगवर भरवसा ठेवतील, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आणि का ठेवू नये? बावीस वर्षं कोळसाखाणींकडे जाणाऱ्या राजूरच्या रस्त्याला, कडुनिंबाखाली, फुलसिंगचा धुण्याचा रॅम्प होता. एक बोअर, एक पंप, दोन बादल्या. त्या भागात गाडी धुणं म्हणजे येरागबाळ्याचं काम नव्हे. तिथं गाडीवर नुसती माती बसत नाही, कोळसा बसतो. त्या कोळशात दगडाची बारीक कच असते, आणि ती फडक्याखाली सापडली की रंगावर ओरखडा काढल्याशिवाय सोडत नाही. म्हणून फुलसिंगचा कायदाच होता. राजूरकडची गाडी आली की आधी पंधरा मिनिटं लांबून नुसतं पाणी, हात लावायचा नाही. मालक घड्याळ दाखवायला लागला की हा म्हणायचा, “घाई हाय त तशीच घेऊन जा, बाप्पा.” आणि कोळशाच्या गाडीला लावलेलं फडकं दुसऱ्या गाडीला लावणं म्हणजे त्याच्या लेखी पाप. कोळशाची फडकी एका दोरीवर, बाकीची दुसऱ्या. त्याची बायको सोनीबाई हसायची, “देवाचं सोवळं नाई पाळत तुमी, अन् फडक्याचं पाळता!”

मग रस्ता चौपदरी झाला. कडुनिंब गेला, रॅम्प गेला, बोअरवर मुरूम पडला. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणूस मोकळ्या हातानं रस्त्यावर उभा. तेव्हा रजत आला, गोड बोलला. “भाऊ, आता वाकू नोका. माह्याकडे या. फक्त गेटवर उभं राह्याचं, गाडी आत घ्याची.” फुलसिंगला तेव्हा तो पोरगा देवासारखाच वाटला. कंबर गेलेली, सोनीबाईचे गुडघे गेलेले, आणि उभं राहण्याचा पगार! सोनीबाईनं त्या दिवशी गोड भात केला होता.

पहिला महिना बरा गेला. मशीनही पाहण्यासारखं होतं, नाही म्हणू नये. गाडी आत गेली की एक आडवा ब्रश बोनेटवरून, टपावरून फिरत मागं जायचा, दोन उभे ब्रश बाजूंनी घासायचे, फेस, पाणी, वारा, आणि सात मिनिटांत गाडी चकाचक. लोक मोबाइलवर शूटिंग करायचे. नंतर रजतनं खाणीच्या ठेकेदाराच्या जीपगाड्यांचं काम घेतलं, आणि तिथून सगळं बिघडलं. काळ्याकुट्ट जीपा रोज यायच्या आणि थेट मशीनमध्ये शिरायच्या. त्यांच्या मागून कोणाची तरी नवी कोरी गाडी, तेच ब्रश, तेच पाणी. मशीन बसवणाऱ्या माणसानं तोंड फोडून सांगितलं होतं की फार मळलेली गाडी आधी बाहेर पाण्यानं धुऊन घ्या, आणि ती गेल्यावर ब्रशही धुवा. पण त्याला वेळ लागतो, पाणी लागतं, आणि चैतात पाणी टँकरनं येतं. कोण करतो?

फुलसिंगनं एकदा मशीन बंद असताना ब्रशात हात घातला. तळवा काळा झाला. बोटं एकमेकांवर घासली तर करकर वाजली. त्यानं डब्याचं स्टीलचं झाकण त्या ब्रशावर दाबून चार वेळा ओढलं आणि तसंच रजतसमोर धरलं.

“हे पाय. सगळ्या रेघोट्या.”

“ब्रश फोमचे हायत, भाऊ. गालावर फिरवले तरी काई होत नाई.”

“ब्रश मऊच हाय रे. पण त्यात जे बसलं हाय ते मऊ नाई ना! जीपा आधी बाहेर धुऊ दे मले. मी धुतो. नाईतर त्यायच्यामागून दुसरी गाडी नोको घेऊ.”

रजतनं झाकण हातात घेतलं, पाहिलं, आणि परत दिलं. आवाज चढवला नाही. तेच जास्त लागलं. “भाऊ, तुमाले सांगाले नाई ठेवलं. उभं राह्याले ठेवलं हाय.”

फुलसिंगच्या तोंडात मारल्यासारखं झालं. तिथल्या तिथं टी-शर्ट काढून फेकावा आणि चालू लागावं, असं मनात आलं. पण चालू लागावं तर कुठं? तो गेटवर जाऊन उभा राहिला, आणि दुसऱ्या दिवशीही उभा राहिला. लोक विचारायचे, “काय फुलसिंग, रंगाले काई होत त नाई ना?” हा मान हलवायचा. हो म्हणून की नाही म्हणून, ते ज्यानं त्यानं समजून घ्यावं. तोंडानं खोटं बोललो नाही, एवढंच त्याचं समाधान. काय समाधान तरी!

पण एका माणसापुढं नुसती मान हलवून भागणार नव्हतं. वामनराव. कोर्टात नाझर होते, सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि आयुष्यात पहिल्यांदा गाडी घेतली. काळी. ह्या मुलखात काळी गाडी घेऊ नका म्हणून सगळ्यांनी सांगितलं, तरी काळीच. त्यांनी ती गाडी शोरूममधून थेट फुलसिंगच्या रॅम्पवर आणली होती. “फुलसिंग, हिला तुझ्याशिवाय कोणाचा हात लागणार नाही,” असं बोलले, आणि शब्द पाळला. घरी बायकोला, शीलाबाईंनासुद्धा, बोनेटवर पिशवी टेकवायची चोरी. मुलगा अनिकेत पुण्याला, फोन करतो तोही गाडीत पेट्रोल किती आहे असल्या गोष्टींवर बोलून ठेवतो. कोर्टातल्या मित्रांशी पेन्शनवरून भांडण झालेलं. भावाशी बोलणं बंद. तर असा हा माणूस रॅम्पवर तासन् तास बसायचा, फुलसिंगच्या हाताकडं पाहत. गप्पा फार नाहीत. कधी शेंगदाणे आणायचे, अर्धे याच्या हातावर ठेवायचे.

रॅम्प गेल्यापासून वामनराव गाडी घरीच धूत होते. मशीनकडे फिरकले नव्हते. फुलसिंग मनातून देवाचे आभार मानायचा की हा माणूस येत नाही. आणि एका बुधवारी सकाळी अकराला ती काळी गाडी गेटसमोर येऊन थांबली.

नेमक्या त्याच वेळी दोन जीपा धुऊन बाहेर पडत होत्या.

“आता वाकवत नाही रे,” वामनराव काच खाली करून म्हणाले. “बादली उचलताना परवा उसण भरली. तू सांग, घालू का आत? लोक काहीबाही बोलतात, मशीननं रंग जातो म्हणून. मी कोणाचं ऐकत नाही. तू म्हणशील तर घालतो.”

ब्रशांतून काळं पाणी गळत होतं, ते फुलसिंगला इथून दिसत होतं. वामनरावांना दिसत नव्हतं.

“सर, आज नोको,” तो हळूच म्हणाला. “उद्या या. उद्या सकाळी, पयल्या नंबरानं.”

“का रे? आज काय आहे?”

“काई नाई, आज जरा…”

“काय झालं, काका?” रजत मागं येऊन उभाच होता. हसत होता. “आत घ्या ना. भाऊ, काकांची गाडी काहून अडवून राह्यले? काई प्रॉब्लेम हाय का मशीनमंदी?”

दोघंही फुलसिंगकडे पाहायला लागले. एक वाक्य होतं. ‘हाय’ एवढं म्हणायचं होतं. बावीस वर्षांत गाडीमालकांच्या तोंडावर दहादा म्हटलेलं वाक्य. पण ते रॅम्प त्याचा असताना म्हटलेलं होतं. आता अंगात दुसऱ्याचा निळा टी-शर्ट होता.

“नाई, काई प्रॉब्लेम नाई,” फुलसिंग म्हणाला. “घाला, सर. काई नाई होत.”

गाडी आत गेली. सात मिनिटं फुलसिंग दुसरीकडं पाहत उभा राहिला. बाहेर आली तेव्हा ओली होती, झळकत होती, आणि ओल्या रंगावर काही दिसत नाही. वामनराव लहान पोरासारखे खूश झाले. जाताना खिशातून शेंगदाण्याची पुडी काढून त्यांनी फुलसिंगच्या हातावर ठेवली. त्यानं ती खाल्ली नाही आणि फेकलीही नाही. घरी जाऊन सोनीबाईला दिली.

शनिवारी भर दुपारी गाडी परत आली. या वेळी मागच्या सीटवर शीलाबाई होत्या. वामनराव उतरले ते बोनेटकडे बोट दाखवतच.

“हे बघ. हे काय झालं?”

उन्हात बोनेट पाहवत नव्हतं. नुसती जाळी. बारीक बारीक रेघा, हजारो. फुलसिंगनं एकदाच पाहिलं आणि त्याला सगळं कळलं. फडक्याचे ओरखडे गोल असतात, हात फिरतो तसे. हे सगळे सरळ होते, पुढून मागं, ब्रश फिरतो तसे. बोनेटवर होते, आणि तसेच टपावर, पार मधोमध.

रजतचं उत्तर तयारच होतं. रोज दोघातिघांना देऊन ते पाठ झालं होतं. “काका, कोरड्या फडक्यानं पुसली असंन कोनी घरी. काळ्या रंगावर कोरडं फडकं म्हणजे सत्यानाश. मशीननं असं होत नाई.”

“मी हात लावला नाही हो,” शीलाबाई आतून म्हणाल्या.

“परवा तू फडकं घेऊन अंगणात नव्हतीस?”

“काच पुसली मी! समोरची काच.”

“थांब.” वामनराव फुलसिंगकडे वळले. “मला कोणाचंच ऐकायचं नाही. फुलसिंग, तू बघ. तुझ्याइतकं कोणाला कळतं? फडक्याचे आहेत की मशीनचे? तू सांगशील ते.”

फुलसिंग वाकला. बोनेटवर बोट फिरवलं. उगाच, वेळ काढायला. मान वर केली तर काचेतून शीलाबाई त्याच्याकडेच पाहत होत्या. रजत खिशात हात घालून उभा होता. गेटच्या बाहेर एक जीप हॉर्न वाजवत होती.

“फडक्याचेच वाटतात, सर,” तो म्हणाला.

झालं. वामनरावांनी त्या बाईला चारचौघांत जे झापलं, ते ऐकवत नव्हतं. सहा वर्षं सांगतोय, हात लावू नको म्हणून! अक्कल आहे का? एक वस्तू, आयुष्यात एक वस्तू नीट राहू दिली नाहीस! शीलाबाई मांडीवरची पर्स धरून खाली पाहत राहिल्या. रजतनं मग मधाळ आवाजात सांगितलं, काका, वॅक्सवाला वॉश आहे, पास काढला की दर आठवड्याला होतो, हळूहळू रेघा बुजतात. वामनराव त्याच्यासोबत ऑफिसात गेले. जाता जाता फुलसिंगच्या खांद्यावर हात ठेवला. “तुझ्यावर संशय घेऊन आलो होतो रे, खोटं नाही बोलत. मनात धरू नकोस.”

फुलसिंग गाडीजवळ एकटा राहिला. शीलाबाईंनी काच खाली केली.

“फुलसिंगभाऊ, टपाच्या मधोमध माझा हात पुरतो का हो?”

त्यानं हात जोडले. “बाई, चुकलं माहं. पोटासाठी बोललो. मी आत्ता जाऊन सांगतो सरायले. काय व्हायचं ते होऊ दे.”

“नका सांगू,” त्या म्हणाल्या. रागानं नाही, थकलेल्या आवाजात. “भावावर विश्वास नाही, मुलावर नाही. माझ्यावर किती आहे, ते तर तुम्ही पाहिलंच. जगात एक तुमच्यावर आहे. तोही गेला तर हा माणूस कोणाच्या भरवशावर जगेल? मला बोलणी खायची सवय आहे. तुम्ही आता गप्प राहा.”

त्यांनी काच वर केली.

जीप तोवर आत शिरली होती. सात मिनिटांनी बाहेर पडली, मागं काळ्या पाण्याचा ओघळ सोडत. वामनराव पास हातात घेऊन आले, गाडीत बसले, आणि काचेतून ओरडले, “फुलसिंग, आजच पहिला करून टाकू. तूच घे बाबा आत, दुसरं कोणी नको.”

फुलसिंगनं शीलाबाईंकडे पाहिलं. त्या समोर पाहत होत्या. त्यानं दोन्ही हात वर केले आणि मागं मागं सरकत गाडीला रस्ता दाखवू लागला. “या, सर. या. सरळ या.”