पांढरा फेस

सत्त्याण्णव साली लग्न होऊन साताऱ्याहून सांगलीत आले, तेव्हा नवऱ्याची पहिली नवलाची गोष्ट दिसली ती ही, की सांगलीचा माणूस असून हे भडंग चहात भिजवून खातात. नव्या सुनेनं कशाकशाला हसावं हे अजून माहीत नव्हतं, म्हणून हसू आवरलं. पंधरवड्यानं कळलं, यांचे दात हलतात. सकाळी मोरीत थुंकलेला फेस गुलाबी असतो आणि त्यावर हे घाईनं तांब्याभर पाणी ओततात. वय एकोणतीस.

मीच हट्टानं विश्रामबागेतल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी हिरड्या दाबून पाहिल्या, एक्स-रे उजेडात धरला आणि दिवसाला किती ओढता, असं विचारलं. एकही नाही, हे म्हणाले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, जणू खरं उत्तर माझ्या पर्समध्ये असावं. मग समजावलं, की काही घराण्यांत हिरड्यांचा हा दुबळेपणा रक्तातूनच येतो, परदेशात त्यावर संशोधन चाललंय. पण अशा माणसानं वर धूर घेतला, की आतलं हाडच झिजत जातं.

"हे तोंड न ओढणाऱ्याचं नाही," त्या म्हणाल्या. "असंच चाललं तर दोन वर्षांत रिकामं होईल."

मी भिंतीवरचा तक्ता वाचत बसले. बाळाच्या दातांचे कोंब पोटात दुसऱ्या महिन्यातच धरू लागतात, असं त्यावर लिहिलं होतं.

तेव्हापासून जिवाला चैन नव्हतं. दुसऱ्या नवविवाहिता नवऱ्याच्या शर्टावर अत्तर शिंपडत असतील. मी यांचे शर्ट हुंगत होते. खिसे उलटे केले, मित्रांना आडून विचारलं, एकदा तर डबा द्यायचं निमित्त काढून मधल्या सुट्टीत हे शिकवायचे त्या शाळेत जाऊन उभी राहिले. हे चित्रकलेच्या वर्गात एकटेच बसून केळं खात होते. खरंच ओढत नव्हते.

घरात ओढायचे ते मामंजी. उठल्यापासून ओट्यावर बसून विडीवर विडी, आणि अडुसष्टाव्या वर्षी उसाचं कांडं दातांनी सोलायचे. घराण्याचा म्हणतात तो आजार त्यांच्यापाशी येऊन वाट चुकला असावा.

एका दुपारी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मागच्या दारी मिश्री लावत बसल्या होत्या. मेथी निवडता निवडता मी विचारलं, मामंजींना दातांचा कधीच त्रास झाला नाही का.

"व्हय की. लय हलायचे," त्या म्हणाल्या. "मी लगीन हून आले तवा दुधात चपाती कुस्करून देत हुते." तोंडातलं बोट काढून त्यांनी ते सावकाश पदराला पुसलं. "ह्यो तुजा सयाजी पोटात ऱ्हायला आन् ह्यांनी विडी धरली. तवापास्नं एक दात पडला न्हाई. ह्यांच्या वडलांचं बी तसंच झालं म्हनं."

म्हणजे ओढायचं बापानं आणि दात हलायचे पोराचे. मला दुसरा महिना चालू होता. साताऱ्याला जाऊन आधी आईच्या कानावर घालायचं आणि मग यांना सांगायचं, असं ठरवलं होतं. आता ठरवलं, कुणालाच सांगायचं नाही. पोट काही फार दिवस ऐकणार नव्हतं, हे कळत होतं.

संध्याकाळी धीर करून मामंजींना म्हटलं, विडी सोडा ना. ते मनापासून हसले. सगळे दात दिसले.

"सोडायचीच हाय गं आता," ते म्हणाले. "किती दिस मीच वडू?"

पुढच्या सोमवारी सकाळी मी मोरीत गेले. यांनी पाणी ओतलं नव्हतं. फेस तसाच पडला होता, पांढराशुभ्र. मी तांब्याभर पाणी ओतलं, मग आणखी एक ओतला. बाहेर ओट्यावरून कोरडं भडंग चावल्याचा आवाज येत होता, कुरुम कुरुम, आणि मग यांची हाक आली. किती दिवसांनी आवाजात असा आनंद होता.

"अगं, काडेपेटी आण जरा."

नेहमीसारखी मामंजींनाच हवी असणार. चुलीजवळची पेटी उचलून मी दारापर्यंत आले आणि उंबऱ्याशी थांबले.

मामंजींच्या हातात आज विडी नव्हती.